करंट मास्तरांची आखाजी

धुळ्याला बसस्टँडमागे राहणारे पितांबर देसले सर आजही शेताकडेने जाताना विहिरीवर मोटर चालू दिसली की मान दुसरीकडे वळवतात. बरोबर कुणी असलं तर उगाच आभाळाकडे बघून "आज जरा ढगाळ वाटतंय" म्हणतात, मग वैशाखाचं ऊन टाळू भाजत का असेना. ही लाज एकोणनव्वद सालच्या आखाजीची. ती अजून उतरलेली नाही, आणि उतरेल असं त्यांच्या बायकोलाही वाटत नाही.

सर एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीच्या पोरांना शिकवायचे. काय शिकवायचे ते मात्र नीट ऐकून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. त्यांचा विषय 'विद्युत व चुंबकत्वाची मूलतत्त्वे', पहिलं वर्ष. चुंबकाला दोन ध्रुव असतात, सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, ओहमचा नियम, डाव्या हाताची तीन बोटं अशी धरा आणि तशी धरा, वगैरे. तीन फेजची मोटर येते दुसऱ्या वर्षाला, आणि दुसरं वर्ष होतं दुसऱ्या सरांकडे. पक्कड, टेस्टर, वायर हे सगळं कार्यशाळेत, आणि कार्यशाळा तिसऱ्या सरांकडे. आपल्या सरांकडे खडू. पण हा बारकावा सासुरवाडीला कोण सांगणार? लग्न ठरलं त्याच दिवशी सासरे झुलाल आबा गावभर सांगत सुटले होते, "मना जवाई पोरेसले करंट शिकाडतस!" झालं. शिंदखेड्याच्या पलीकडच्या त्या गावात पितांबर देसले तेव्हापासून करंट मास्तर झाले. आणि खरं सांगायचं तर सरांनीही हा गैरसमज कधी दूर केला नव्हता. तुम्ही केला असता का?

आता खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काय असते ते सांगायला नको. सासरी नांदणाऱ्या झाडून सगळ्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि त्यांना न्यायला आलेल्या जावयांना आमरसात बुडवून काढलं जातं. सरांची बायको कुंदा आठ दिवस आधीच माहेरी आली होती. सर चार दिवसांची रजा टाकून आखाजीच्या आदल्या दिवशी पोचले. इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. आबांनी स्वतः पायावर पाणी घातलं आणि चहा व्हायच्या आत विषय काढला.

"जवाईबापू, मोटर जळी गयथी. शिंदखेडाथून भरी आनी. काल सांजलेच उनी. अभिमन नाना म्हने जोडी टाकूत. मी म्हनं नही. घरना करंट मास्तर ई ऱ्हायना, त्यास्नाच हात लागू द्या."

सरांनी खिशातली दोन्ही पेनं सारखी केली. पण दारात उभी असलेली कुंदा त्यांच्याकडे अशा कौतुकाने बघत होती, की त्यांच्या तोंडून "बघूया की, त्यात काय" असं निघून गेलं. माणसाचं वाटोळं होतं ते अशा वेळी.

आबांचा जीव का टांगणीला लागला होता तेही सांगून टाकतो. विहिरीखाली दीड एकर उन्हाळी भुईमूग होता, ऐन शेंगा भरण्यात आलेला. मोटर जळाल्यापासून ती शिंदखेड्याला नव्याने गुंडाळून येईपर्यंत आठ दिवस त्याला पाण्याचा थेंब नव्हता. आणखी आठ दिवस असेच गेले असते तर शेंगा पोचट आणि पाला गुरांना. वर्षाचं तेल, पोरीची पाठवणी, सगळं त्या दीड एकरावर.

तर आखाजीच्या दिवशी सकाळी मोटरची पूजा झाली. मोटर आणि पंप एकाच अंगाचे, मोनोब्लॉक म्हणतात ते. जावयाच्या हस्ते नारळ फुटला. सरांनी पंपावर हळदकुंकवाचे पाच पट्टे ओढले. पंपाच्या पोटावर एक बाण कोरलेला होता. मोटर कुठल्या बाजूने फिरली पाहिजे हे दाखवणारा तो बाण. सरांना तो शोभेचा वाटला. त्यांनी अंगठ्याने कुंकू दाबून तो छान बुजवून टाकला. मग चार गड्यांनी दोर लावून पंप विहिरीतल्या ओट्यावर उतरवला आणि त्याच्या तीन तारा वर मोटरच्या खोलीत स्टार्टरपाशी आणून सरांच्या हाती दिल्या. तारा तीन, जोडायच्या जागाही तीन. तिन्ही तारा काळ्याकुट्ट. सरांनी त्यातल्या त्यात जाड दिसणारी मधे लावली, उरलेल्या दोन दोन्हीकडे लावल्या, आणि रुमालाने हात पुसले. हिरवं बटण दाबायचा मानही त्यांचाच.

मोटर घुमायला लागली. बायकांनी हात जोडले. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ चूळ आली, आणि मग जी धार लागली ती करंगळीएवढी. तीन इंची पाइप आणि करंगळीएवढी धार! एरवी त्या पाइपापुढे माणूस बसला तर वाहून जायचा.

आता खानदेशातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की मोटर उलटी फिरत होती. तीन फेजची मोटर आहे, तारा कशाही जोडल्या तर कधी सुलटी फिरते, कधी उलटी. उलटी फिरली की फ्यूज काढायचे, तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची, की झाली सुलटी. चिलीम भरायच्या आत होणारं काम. विहिरीच्या काठावर त्या वेळी चौदा माणसं उभी होती आणि चौदाही जणांना हे कळलेलं होतं. पंधराव्याला कळलेलं नव्हतं, आणि तोच जावई होता. जावयाने जोडलेली तार उलटी आहे असं भर आखाजीला, नारळ फोडल्यावर, त्याच्या तोंडावर सांगायचं? त्यातून तो करंट मास्तर! चौदा जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चौदा जण गप्प बसले.

"पानी जरा कमी ई ऱ्हायनं, नही का?" आबा एवढंच म्हणाले, तेही विहिरीला उद्देशून.

"दाब कमी आहे," सर म्हणाले.

"पानीना?"

"विजेचा. व्होल्टेज." आणि मग सर वर्गात शिरले. म्हणजे उभे होते मोटरच्या खोलीतच, पण बोलायला लागले ते वर्गातल्यासारखं. धुळ्याला ते पोरांना वीज समजावून देताना नेहमी पाण्याचं उदाहरण द्यायचे, समजा उंचावर टाकी आहे, तिला नळ आहे. इथे समोर पाणी नसल्यामुळे त्यांनी विजेचं उदाहरण देऊन पाणी समजावून दिलं. चुलीतला कोळसा मागवून भिंतीवर ओहमचा नियम लिहिला. डाव्या हाताची तीन बोटं काटकोनात धरून धारा इकडे, क्षेत्र तिकडे आणि गती वरती, असं दाखवलं. शेजारच्या मळ्याचे अभिमन नाना, ज्यांनी आयुष्यात पन्नास मोटरी जोडल्या असतील, त्यांनीही भक्तिभावाने तीन बोटं धरून पाहिली.

"मंग आते काय करानं?" आबांनी विचारलं.

"आधी अर्थिंग तपासू."

इथून पुढे जे सुरू झालं त्याला आवर राहिला नाही. अर्थिंगसाठी आठ फूट खड्डा हवा, पुस्तकात तसं आहे. वैशाखात ती जमीन म्हणजे दगड. दोन गडी आणि स्वतः आबा दिवसभर टिकाव मारत होते. खड्ड्यात घालायला सरांनी मीठ आणि कोळसा सांगितला, थराला थर. गावातल्या दुकानात होतं नव्हतं तेवढं मीठ खड्ड्यात गेलं, आणि त्या संध्याकाळी अर्ध्या गावाने आखाजीचं जेवण अळणी जेवलं. अभिमन नानांची शेळी खड्ड्यात उतरून मीठ चाटत बसली, ती निघता निघेना. तिला काढायला नाना स्वतः उतरले, तर त्यांनाही दोराने काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वीज आली. धार करंगळीएवढी.

वीज यायची सकाळी नऊला आणि जायची दुपारी तीनला. सर रोज नऊला विहिरीवर हजर. धार बघायची, कपाळाला आठ्या घालायच्या, नवा हुकूम सोडायचा आणि अकराला जेवायला घरी. सासूबाई, यशोदाबाई, आग्रह करून करून वाढायच्या. खापरावरची पुरणपोळी, तिच्यावर तूप, बाजूला आमरसाची परात, त्यातही तूप. "घ्या बापू, डोकानं काम शे तुम्हनं," असं म्हणत चौथी वाटी भरायच्या. मग सर आतल्या थंड खोलीत आडवे व्हायचे आणि कुंदा उशाशी बसून हातपंख्याने वारा घालायची. टेबलफॅन होता, पण ती म्हणायची, "त्याची घरघर नको, मीच घालते वारा." लग्नाला चार वर्षं झाली होती. धुळ्याला तिने कधी असा वारा घातला नव्हता. मोटरचं काय व्हायचं ते होवो, बायकोच्या मनात आपली किंमत वाढली, असं वाटून सरांना गाढ झोप लागायची. उठायचे ते साडेतीनला.

तिसऱ्या दिवशी त्यांना चुंबकत्वाची शंका आली. मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं, आजूबाजूला एवढं लोखंड पडलंय, ते क्षेत्र खेचून घेत असणार. मग खोलीतलं सगळं लोखंड लांब करायचं ठरलं. नांगराचे फाळ, कुदळी, पहारी, लोखंडी खाट, शेवटी छपराचे पत्रेसुद्धा. आबा पत्रे उतरवताना शिडीवरून म्हणाले, "जवाईबापू, मोटर सोता बी लोखंडनीच शे ना?" सरांना प्रश्न आवडला. त्यांनी अर्धा तास उत्तर दिलं. आबा अर्धा तास शिडीवर.

एक गोष्ट मात्र खरी, भुईमूग तरारला होता. करंगळीएवढ्या धारेवर पानं हिरवीगार, जमीन ओली. सरांनी ते बघितलं आणि अभिमन नानांना ऐकवलं, "बघा, अर्थिंगमुळे जमिनीत ओल टिकते."

"मी म्हनतच व्हतो," नाना म्हणाले आणि तोंडाला उपरण्याचं टोक लावून दोन सऱ्या पलीकडे जाऊन खोकत बसले.

चौथ्या दिवशी सरांनी वीजवाल्यांच्या कचेरीत कमी दाबाची लेखी तक्रार द्यायचं ठरवलं. रजा संपत आली होती म्हणून जाता जाता धुळ्याला तार केली, 'मोटर बिघडली, रजा वाढवा.' प्राचार्यांना प्रश्न पडला की देसल्यांकडे सायकल आहे, मोटर घेतली कधी. कचेरीत कारकून म्हणाला, अर्ज तीन प्रतीत पाहिजे. कार्बन आणला. मग म्हणाला, ग्राहकाची सही पाहिजे. सर बसने परत आले, आबांची सही घेऊन दुपारच्या बसने पुन्हा गेले. मग कारकुनाने विचारलं, "तुम्ही ग्राहकाचे कोण?"

"जावई."

"इथे रकाना आहे मालक, वारस, कूळ. जावई नाही."

"पण मी वीजतंत्रीचा निदेशक आहे!"

"तो तर नाहीच नाही," कारकून म्हणाला आणि 'कूळ' असं लिहून मोकळा झाला. सासऱ्याचं कूळ म्हणून सही करण्याआधी सरांनी तो रकाना दोनदा वाचला. पण त्यांनी ती केली.

पाचव्या दिवशी सकाळी वायरमन निंबा सायकलवर आला. गडी तरबेज. विहिरीत उतरला, ओट्यावर उभा राहून एक नजर मोटरवर टाकली आणि हसतच वर आला. "आबा, आरे हाई मोटर तं..."

आबांनी त्याच्या पायावर पाय दिला. नुसता ठेवला नाही, चांगला दाबला.

"...मोटर तं एकदम झकास शे," निंबा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला.

"व्होल्टेज कमी आहे ना?" सरांनी विचारलं.

निंबाने आबांकडे बघितलं, नानांकडे बघितलं, विहिरीकडेही बघितलं. "आते तुम्हीन म्हनतस ते कमीच शे साहेब."

"लेखी द्या!"

बिचाऱ्याने 'पाहणी केली' एवढंच लिहून सही ठोकली आणि चहाही न पिता निघाला. सर विजयी मुद्रेने घरी आले. त्या दिवशी त्यांनी आमरसाच्या पाच वाट्या रिचवल्या आणि निजले.

आणि तोच आमरस उलटला. म्हणजे पोटात कळ येऊन त्यांना अवेळीच जाग आली. बघतात तो उशाशी कुंदा नाही. पंखा जमिनीवर. चिंचेखालून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता, मैत्रिणींनी तिला झोक्यावर ओढून नेलं होतं. सरांनी टमरेल उचललं आणि नदीच्या बाजूला गेले. तिथून मोकळं होऊन परतताना वाटलं, मळा जवळच आहे, एक चक्कर टाकू. सव्वादोन वाजले असतील.

बांधावर आले आणि थबकले. पाण्याचा आवाज येत होता. धो धो. बाभळीच्या आडून बघतात तो पाइप तोंड भरून पाणी ओकत होता, पाट दुथडी भरून चालला होता, आणि अभिमन नाना धोतर खोचून फावड्याने वाफ्यांत पाणी वळवत होते. आबा मोटरच्या बिनछपराच्या खोलीत स्टार्टरपुढे उकिडवे, हातात पक्कड.

"आबा, पाऊन घंटा ऱ्हायना," नाना ओरडले. "आज तरी सुलटीच ऱ्हाऊ दे रे! रोज दुपारले सुलटी करानी, तीन वाजाले परत उलटी करानी. मना हात दुखी गयात. सांगी टाक ना त्यास्ले एकदाव!"

"नही रे नाना," आबा म्हणाले. "कोन सांगी? तो मानूस दोनशे पोरेसले शिकाडस. त्याले आपन आंगठाछाप मानसे सांगूत का, तुन्हं चुकनं? त्यानं मन मोडी जाई. आनि मनी कुंदानं काय? ती रोज त्यास्ना उशाशी बशीसनी वारा घालस. ते उठू नहीत म्हनीसनी. काल माले म्हने, आबा, काही करा, पन त्यास्ले कळू देऊ नका."

सर तिथेच बाभळीखाली मटकन बसले. काटे टोचले तेही कळलं नाही. आठ फुटांचा खड्डा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. साठ वर्षांचा म्हातारा त्यात टिकाव मारत होता, आणि त्याला ठाऊक होतं की हे सगळं फुकट आहे. शिडीवर अर्धा तास उभा होता, तेव्हाही त्याला ठाऊक होतं. पुरणपोळीवरचं तूप, आमरसाची चौथी वाटी, तीही सगळं ठाऊक असून वाढलेली. आणि वारा! त्या वाऱ्याची आठवण आली तेव्हा तर सरांचे कान असे तापले की ते दोन्ही हातांनी झाकून घ्यावेत असं वाटलं. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. दहावीला गणितात नापास झाल्यावरही नाही.

ते तसेच घरी आले आणि आडवे झाले. थोड्या वेळाने कुंदा धापा टाकत आली, ते झोपलेलेच आहेत हे बघून तिने हुश्श केलं आणि पंखा उचलला. सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तो वारा त्यांना साडेतीनपर्यंत सोसावा लागला.

रात्रभर त्यांनी एकच ठरवलं. आता बास. उद्या सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, स्वतःच्या हाताने जोडलेलं स्वतःच्या हाताने सुलटं करायचं. निदान तेवढी तरी अब्रू राहील.

सकाळी त्यांनी सगळ्यांना मळ्यात बोलावलं. आबा, नाना, यशोदाबाई, कुंदा, गडी, शेजारपाजार. निंबा वायरमनही तक्रारीच्या कागदावर आबांची सही घ्यायला आलेला होता. पावणेनऊ वाजले होते, वीज यायची होती. सर उभे राहिले.

"आबा, नाना, सगळ्यांनी ऐका. दाब कमी नव्हता. मोटर मी उलटी जोडली होती. तुम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, मलाच नव्हतं. माझ्यापायी तुम्हाला फार त्रास झाला. तीन फेजच्या कुठल्याही दोन तारा बदलल्या की मोटर उलट फिरते. ते मी आता करतो."

एकदम कुजबुज उठली. आबा धावत पुढे आले. "नही नही बापू! काय बोली ऱ्हायनात? तसं काही नही! तुम्हनी अर्जी पास व्हयनी! निंबानी व्होल्टेज वाढाडी दिधं! आते पानी चांगलं ई, तुम्हीन कशालेच हात लाऊ नका!"

"वाढाडं ना," निंबा म्हणाला. "काल सांजलेच वाढाडं."

"पुरे झालं आबा," सर म्हणाले. त्यांना भरून आलं होतं. अजूनही ही माणसं आपल्याला सांभाळतायत! त्यांनी आबांना हळूच बाजूला केलं, फ्यूज काढले, तीनदा तपासले, पक्कड घेतली आणि दोन तारांची अदलाबदल केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्टार्टरमध्ये असा समजून उमजून हात घातला होता. आबा मागे उभे राहून डोक्याला हात लावत होते. सरांना वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटतंय.

नऊ वाजले. वीज आली. सरांनी फ्यूज बसवून हिरवं बटण दाबलं.

धार आली. करंगळीएवढी.

घडलं होतं ते असं. आदल्या दुपारी नानांचं बोलणं आबांना पटलं होतं. तीन वाजता त्यांनी तारा पुन्हा उलट्या केल्याच नव्हत्या. मोटर सुलटीच ठेवायची, निंबाला बोलावून घ्यायचं आणि जावयाच्या अर्जाने व्होल्टेज वाढलं असं सगळ्यांनी म्हणायचं, असा बेत संध्याकाळीच ठरला होता. त्या सुलट्या मोटरच्या दोन तारा आता सरांनी गावासमोर बदलल्या होत्या. सरांनी सांगितलेला नियम शंभर टक्के बरोबर होता. मोटर खरोखरच उलट फिरायला लागली होती.

विहिरीतून नुसता घुमण्याचा आवाज.

"व्होल्टेज," शेवटी अभिमन नाना म्हणाले.

"कमी शे," निंबा म्हणाला.

"माले बी तसंच वाटनं," यशोदाबाई म्हणाल्या, ज्यांना व्होल्टेज म्हणजे काय हे कधीही ठाऊक नव्हतं.

सरांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना सगळं उमजलं. ते मोटरच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. "आबा," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "ती सुलटी होती ना? मीच पुन्हा उलटी केली ना?"

आबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. सरांनी पक्कड त्यांच्यापुढे धरली. आबांनी हात मागे घेतला. नानांपुढे धरली, नाना दोन पावलं सरकले. निंबापुढे धरली तर तो म्हणाला, "मी तं सही लेवाले येल शे." जावयाने जोडलेल्या तारेला हात लावायला एवढ्या माणसांत कुणी तयार होईना. दुसरीकडे करंगळीएवढी धार वाफ्यात शिरायच्या आधीच मातीत जिरत होती.

तेव्हा कुंदा पुढे आली. पदर कमरेला खोचला, नवऱ्याच्या हातातून पक्कड काढून घेतली, लाल बटण दाबून मोटर बंद केली, मेन पाडला, फ्यूज काढले. दोन स्क्रू ढिले, दोन तारा बाहेर, इकडची तिकडे, तिकडची इकडे, स्क्रू घट्ट. बांगड्या वाजत होत्या तेवढाच आवाज. हे काम तिने लग्नाआधी कितीदा केलं होतं कुणास ठाऊक. चार वर्षांत सरांनी तिला कधी विचारलं नव्हतं. तिने फ्यूज बसवले, मेन चढवला आणि हिरवं बटण दाबलं.

पाइपाने एकदा गचका खाल्ला आणि मग पाणी असं फेकलं की पाटाची कड ढासळली. गडी फावडी घेऊन धावले. नाना आनंदाने ओरडले. भुईमुगाच्या पहिल्या वाफ्यात पाणी शिरताना दिसलं.

"ताई!" निंबा अवाक् होऊन म्हणाला. "हाई तुम्हीन कोठे शिकन्यात?"

कुंदाने पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि पक्कड सरांच्या हातात परत दिली.

"कोठे म्हंजे?" ती म्हणाली. "यास्नीच शिकाडं. धुळाले."

बांधावरच्या सगळ्या माणसांनी माना डोलावल्या. "मंग!" आबा सगळ्यांकडे वळून म्हणाले. "मी बठ्ठास्ले काय सांगस? मना जवाई करंट शिकाडतस!"

सरांच्या ओठावर आलं होतं, की हे खोटं आहे, मी हिला काहीही शिकवलेलं नाही. पण कुंदा त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत टिंगल नव्हती, नुसती विनवणी होती. ते पक्कड धरून खाली मान घालून उभे राहिले.

"मांगे सरका," कुंदा हळूच म्हणाली. "तुम्हना बूट भिजी ऱ्हायनात."

सर मागे सरले.